प्रशिक्षण झालं, उद्या वर्गात काय?

तालुक्याच्या प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस होता. प्रमाणपत्रं वाटून झाली, लोक एसटीच्या वेळा बघून निघाले, तेव्हा एक तरुण शिक्षिका माझ्याजवळ येऊन थांबली. वाडीवरची द्विशिक्षकी शाळा, तिच्याकडे तिसरी-चौथीचा जोडवर्ग. तिन्ही दिवसांची टिपणं तिनं वहीत नेटकी काढली होती. म्हणाली, “मॅडम, सगळं पटलं. पण उद्या परिपाठ संपल्यावर मी नक्की काय वेगळं करू?”

मी त्या तीन दिवसांत सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारी, होते. अध्ययन निष्पत्ती, कृतियुक्त अध्यापन, गटकार्य, मूल्यमापन, सगळ्यावर बोलून झालं होतं. तिच्या प्रश्नासाठी मात्र वेळापत्रकात जागाच नव्हती. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

आधी हे बघू, की प्रशिक्षणात पटलेली गोष्ट वर्गात का उतरत नाही. आपल्याकडची बहुतेक मोठी प्रशिक्षणं उतरंडीनं खाली येतात. पुण्याला राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत राज्यस्तरीय सुलभक तयार होतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला. लाखो शिक्षकांपर्यंत पोचायचं तर असंच करावं लागतं, हे मान्य. ‘निष्ठा’ हे केंद्र सरकारचं शिक्षक-प्रशिक्षण २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हा देशभरातल्या सुमारे ४२ लाख शिक्षकांपर्यंत जायचं होतं. पण प्रत्येक पायरीवर वेळ कमी पडतो आणि वेळ खाणारी गोष्ट सगळ्यात आधी गळते. ती गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष पाठ घेऊन दाखवणं आणि शिक्षकांकडून तो करून घेणं. तळाशी पोचतात त्या पीपीटीच्या स्लाइड. स्लाइडवर ‘काय’ आणि ‘का’ असतं, ‘कसं’ नसतं.

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९८० मध्येच शिक्षक-प्रशिक्षणावरचे तोपर्यंतचे अभ्यास एकत्र वाचून याची मांडणी केली होती. नवी पद्धत शिक्षकाच्या हातात यायला काय काय लागतं? एक, तिच्यामागचा विचार समजणं. दोन, ती कुणीतरी करून दाखवणं. तीन, स्वतः करून बघणं आणि त्यावर कुणीतरी काही सांगणं. आणि चार, आपल्याच वर्गात, आपल्याच मुलांसमोर ती वापरताना सोबतीला कुणीतरी असणं. त्यांचं म्हणणं असं, की पहिल्या तीन गोष्टींनी शिक्षकाला ती पद्धत येते, पण रोजच्या शिकवण्यात ती टिकते चौथ्या गोष्टीमुळे. भाकरी थापायला शिकलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. आईनं करून दाखवलेलं असतं, कृती पाठ असते, तरी पहिल्या दहा-वीस भाकरींच्या कडा चिरतातच. शेजारी उभं राहून कुणी “पीठ अजून मळ, पाणी कोमट घे” म्हणतं, तेव्हा हात बसतो.

याचा आपल्या देशातलाच एक पुरावा आहे, आणि तो प्रत्येक केंद्रप्रमुखाला माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. १९९५ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ संस्थेनं एक पद्धत विकसित केली. दिवसातला थोडा वेळ मुलाची इयत्ता बाजूला ठेवायची. त्याला अक्षर वाचता येतं, शब्द येतो, परिच्छेद येतो की गोष्ट, ते तपासायचं आणि त्या स्तराप्रमाणे गट करून शिकवायचं. अर्थतज्ज्ञ अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीच्या वेगवेगळ्या रूपांच्या चाचण्या अनेक राज्यांत घेतल्या. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, साहित्य दिलं, तरी नियमित शाळेत मुलांच्या वाचनात त्यामुळे फरक दिसला नाही. मग शिक्षकांना ते जमत नव्हतं का? तर तसंही नाही. बिहारमध्येच उन्हाळी शिबिरात सरकारी शिक्षकांनी ही पद्धत वापरली आणि मुलं पुढे गेली. म्हणजे हात तेच होते. शाळा सुरू झाली की अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या रेट्याखाली ती पद्धत मागे पडत होती.

पुढे २०१२-१३ मध्ये हरियाणात वेगळं केलं. शाळांना भेटी देणाऱ्या गटस्तरावरच्या समन्वयकांना आधी प्रशिक्षण दिलं आणि मग पंधरा-वीस दिवस त्यांनी स्वतः वर्गात उभं राहून मुलांना शिकवलं. त्यानंतर त्यांनी शिक्षकांना शिकवलं, भेटी देत राहिले. शाळेच्या वेळेत रोजचा एक तास फक्त यासाठी राखला. तिथे मुलांचं हिंदी वाचन सुधारलं. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती समन्वयकांचे ते पंधरा-वीस दिवस. वर्गात स्वतः घाम गाळलेला माणूस भेटीला आला, की संचिका तपासण्याआधी तो मुलांजवळ जाऊन बसतो.

तर मग उद्या काय करायचं? माझं उत्तर असं आहे: एकच गोष्ट निवडा, ती लहान असू द्या, आणि निदान महिनाभर ती सोडू नका. दहा तंत्रं एका आठवड्यात करून बघणारा वर्ग मुलांनाही गोंधळात टाकतो. सुरुवात कुठून करावी यासाठी मी तीन गोष्टी सांगते. तिन्हींना पैसा लागत नाही आणि तिन्हींमागे भक्कम अभ्यास आहे.

पहिली गोष्ट: प्रश्न विचारल्यावर थांबणं.

मेरी बड रो या अमेरिकी विज्ञान-शिक्षण अभ्यासिकेनं १९७० च्या आसपास प्राथमिक वर्गांतल्या शेकडो पाठांच्या ध्वनिफिती ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी किती थांबत होते? साधारण एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही, की शिक्षक प्रश्न पुन्हा विचारत, दुसऱ्याला विचारत किंवा स्वतःच उत्तर देत. हाच वेळ तीन सेकंद किंवा त्याहून जास्त झाला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, “माहीत नाही” कमी झालं, एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली आणि मुलं स्वतः प्रश्न विचारू लागली. तिला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती वाचून मी अस्वस्थ झाले होते. ज्या मुलांना शिक्षक ‘कच्ची’ समजत, त्यांच्यासाठी ते हुशार मुलांच्या तुलनेत जवळपास निम्माच वेळ थांबत होते. ज्याला जास्त वेळ हवा, त्याला कमी मिळत होता. यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. मूल अडखळतंय, त्याला ओशाळं वाटू नये म्हणून शिक्षक पटकन पुढे जातो. पण मुलाला त्यातून कळतं ते एवढंच, की बाईंना माझ्याकडून उत्तराची अपेक्षा नाही.

करायला हे जितकं सोपं वाटतं तितकं नाही. वर्गात तीन सेकंदांची शांतता फार लांब वाटते. मी मनात ‘एक हत्ती, दोन हत्ती, तीन हत्ती’ असं मोजते, नाहीतर घाई होतेच. आणखी दोन पथ्यं. नाव आधी घ्यायचं नाही. “सानिका, पानं हिरवी का असतात?” असं म्हटलं, की सानिका सोडून उरलेल्या एकोणतीस मुलांची सुटका होते. आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. दुसरं, उत्तर आल्यावरही थांबायचं. मूल बोललं की लगेच “बरोबर!” म्हणायची आपल्याला सवय असते. थोडं थांबलं तर तेच मूल पुढे “कारण...” म्हणून वाक्य वाढवतं, किंवा दुसरं मूल म्हणतं, “बाई, पण माठाची एक भाजी लाल असते.” आणि पाठ तिथून खरा सुरू होतो.

दुसरी गोष्ट: सगळ्यांचं उत्तर एकदम बघणं. यासाठी आपल्याकडे जगातलं सगळ्यात सोपं साधन पूर्वापार आहे, ते म्हणजे पाटी. इंग्लंड-अमेरिकेत यासाठी छोटे पांढरे फळे विकत घेऊन देतात. आपण पाट्या पहिली-दुसरीनंतर बाद केल्या. त्या पाचवी-सहावीपर्यंत, खरं तर आठवीपर्यंतही, वर्गात ठेवाव्यात असं माझं ठाम मत आहे.

पाचवीतला एक प्रसंग सांगते. दशांश अपूर्णांक शिकवून झाले होते. “कळलं का?” असं मी विचारलं, वर्ग “होऽऽ” म्हणाला. मग मी फळ्यावर लिहिलं, ०.३५ आणि ०.८, यांतली मोठी संख्या पाटीवर लिहा, पाटी उलटी धरा, मी सांगितल्यावर वर करा. पाट्या वर झाल्या. निम्म्याहून जास्त पाट्यांवर ०.३५. का, तर ३५ हे ८ पेक्षा मोठे. पूर्ण संख्यांचा नियम मुलांनी तसाच इथे आणला होता.

मग दुसरा प्रश्न दिला: ०.४५ आणि ०.३. आता पाट्या उलट निघाल्या. आधी चुकलेली मुलं बरोबर आली, कारण ४५ हे ३ पेक्षा मोठेच. पण आधी बरोबर आलेल्यांपैकी चौघांनी ०.३ लिहिलं. मी विचारलं, “०.३ का रे?” एक मुलगा म्हणाला, “बाई, दशांश मोठा असतो, शतांश बारीक असतो. म्हणून ज्याच्यात शतांश आहेत ती संख्या बारीक.” त्या मुलाचं पहिलं उत्तर बरोबर होतं, विचार चुकीचा होता. मी फक्त पहिला प्रश्न विचारून थांबले असते, तर त्याच्या नावापुढे ‘येते’ अशी नोंद केली असती.

प्रश्नांची ही जोडी कुठल्याही वर्गात चालते, कारण एकीत फसलेला दुसरीत सुटतो आणि दोन्हींत बरोबर येणाऱ्यालाच खरं कळलेलं असतं. पुढचं काम मीटरपट्टीवर झालं. मीटरचे दहा भाग, त्यातले आठ मोजा, तिथे बोट ठेवा. आता शंभर भागांतले पस्तीस मोजा. बोटं कुठे आली? बोलताना “पॉइंट पस्तीस” म्हणणंही मी त्या दिवसापासून सोडलं. “शून्य दशांश चिन्ह तीन पाच” म्हणते. ‘पस्तीस’ हा शब्द कानावर पडला, की मुलाच्या डोक्यात पूर्ण संख्याच येते.

याला अभ्यासाच्या भाषेत आकारिक मूल्यमापन म्हणतात. हा शब्द वाचून अनेक शिक्षकांच्या डोळ्यांसमोर नोंदवही आली असेल. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा त्याचा आत्मा हाच होता: शिकवता शिकवता तपासायचं आणि त्याप्रमाणे पुढचं शिकवणं बदलायचं. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये या विषयावरचे शेकडो अभ्यास तपासून हेच दाखवलं होतं, की अशा तपासणीनं मुलांचं शिकणं सुधारतं आणि मागे पडलेल्यांना त्याचा विशेष फायदा होतो. आपल्याकडे मात्र वर्णनात्मक नोंदींची पानं भरणं म्हणजेच आकारिक मूल्यमापन असा समज बऱ्याच ठिकाणी रुजला. पाट्या वर करायला वीस सेकंद लागतात, आणि त्या वीस सेकंदांत पुढची पंधरा मिनिटं काय शिकवायचं ते ठरतं.

तिसरी गोष्ट: आठवायला लावणं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला प्रयोग सांगण्यासारखा आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा वाचण्याऐवजी आठवेल ते कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा चित्र पालटलं: आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के भाग आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. डोक्यातून बाहेर काढण्याची मेहनतच आठवण पक्की करते. म्हणून तासाच्या सुरुवातीला पुस्तक उघडण्याआधी चार मिनिटं द्यावीत. कालचा एक प्रश्न, मागच्या आठवड्यातला एक, मागच्या महिन्यातला एक. गुण नाहीत, ओरडणं नाही, पाटीवर लिहायचं आणि शेजाऱ्याशी ताडून बघायचं.

घोकंपट्टीला विरोध करताना आपण उजळणीलाही निरोप दिला, हे काही बरं झालं नाही. रोज संध्याकाळी पाढे म्हणणाऱ्या पिढीला पाढे का येत होते, याचं उत्तर या प्रयोगात आहे. अर्थ समजलेली गोष्ट पुन्हापुन्हा आठवणं आणि न समजलेली घोकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखीही बरंच आहे. नवीन प्रकारचं गणित शिकवताना एकदम दहा उदाहरणं सोडवायला देण्याऐवजी एक सोडवलेलं आणि एक न सोडवलेलं अशी जोडीनं द्यावीत, हे सांगणारे अभ्यास १९८५ पासूनचे आहेत. पण ते पुढच्या महिन्यासाठी ठेवा.

आता जॉइस आणि शॉवर्स यांच्या यादीतल्या चौथ्या गोष्टीकडे परत येते, सोबतीकडे. द्विशिक्षकी शाळेत सोबत आणायची कुठून?

जपानमध्ये यासाठी एक जुनी रीत आहे, मेइजी काळापासून चालत आलेली. तिकडे तिला ‘जुग्यो केंक्यू’ म्हणतात, आपण पाठ-अभ्यास म्हणू. चार-सहा शिक्षक मिळून एकच पाठ ठरवतात. मुलं कुठे अडतील, काय उत्तरं देतील याचा आधीच अंदाज बांधतात आणि तो लिहून काढतात. मग एक जण तो पाठ घेतो आणि बाकीचे बघतात. बघतात ते मुलांकडे: तिसऱ्या रांगेतल्या मुलीनं आधी काय लिहिलं, मग काय खोडलं, कुणाकडे वळून बघितलं. नंतर चर्चा होते ती त्या नोंदींवर. पाठ सगळ्यांनी मिळून रचलेला असतो, म्हणून चुकला तरी तो सगळ्यांचा असतो. फळ्याचंही त्यांच्याकडे शास्त्र आहे. तासभर फळा शक्यतो पुसत नाहीत, डावीकडून उजवीकडे अख्खा पाठ त्यावर उभा राहतो, आणि मुलांच्या चुकीच्या वाटाही तिथे दिसतात.

आपल्याकडे याची चौकट तयार आहे: केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक. तीत पत्रकांचं वाचन आणि माहिती मागवणं यांत बराच वेळ जातो. त्यातला एक तास खऱ्या मुलांसोबतच्या खऱ्या पाठाला दिला, तर तेवढ्यानं खूप हलेल. हे स्वप्नरंजन नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांत ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मूल स्वतः करून, अनुभवातून शिकतं या विचाराचं, काम उभं राहिलं तेव्हा राज्यभरातले शिक्षक ते वर्ग बघायला गेले होते. वर्ग बघून माणूस जे शिकतो ते ऐकून शिकत नाही. पण तिथून आलेल्या अनेकांनी शाळेच्या फरश्या रंगवल्या आणि ते तिथेच थांबले, कारण परतल्यावर त्यांच्या वर्गात बघायला आणि बोलायला कुणी नव्हतं.

बघणाऱ्यानं बोलावं कसं, यावर थोडं. “छान झाला पाठ” यानं काही मिळत नाही. “तुमचा आवाज कमी पडतो” यानं माणूस मिटतो. “तुम्ही बेरीज विचारलीत तेव्हा माझ्याजवळच्या दोघांनी आधी बोटं मोजली, मग शेजारच्या पाटीत बघितलं” असं सांगितलं, की बोलायला जागा होते. जे दिसलं ते सांगा, मत नंतर. आणि ज्याचा पाठ झाला त्याला आधी बोलू द्या. वरिष्ठांनी या पाठाची नोंद गोपनीय अहवालासाठी वापरायची नाही, हे आधीच स्पष्ट हवं. भीती असेल तिथे शिक्षक ठेवणीतला पाठ दाखवतो, अडचणीचा दाखवत नाही.

कुणीच येऊ शकत नसेल, तर मोबाइल आहे. खिशात ठेवून पंधरा मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करा आणि घरी जाऊन दोनच गोष्टी मोजा: आपण किती प्रश्न विचारले आणि प्रत्येकानंतर किती थांबलो. रेकॉर्डिंग कुठे पाठवायचं नाही, स्वतःपुरतं ठेवायचं. तास संपल्यावर फळ्याचा एक फोटो काढा. महिन्याभराचे फोटो शेजारी ठेवले, की आपण फळ्यावर काय लिहितो आणि मुलांचं त्यात किती असतं ते दिसतं.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न मी टाळणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये असं म्हटलं आहे, आणि तरी लिंक भरणं, माहिती तातडीनं पाठवणं, याद्या जुळवणं यांत रोजचा किती वेळ जातो, हे शिक्षकाच्या घरच्यांनाही ठाऊक असतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. माझी मागणी आहे की या ५० तासांतले निदान वीस तास एकमेकांचे वर्ग बघण्याचे आणि त्यावर बोलण्याचे धरावेत. मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून मिळवलेल्या प्रमाणपत्रापेक्षा ते तास मुलांच्या जास्त कामाचे आहेत. आणि बदली शिक्षकाची सोय नसेल, तर ज्या दिवशी शिक्षक दुसऱ्या शाळेत पाठ बघायला जाईल त्या दिवशी त्याचा वर्ग केंद्रप्रमुखांनी घ्यावा. हरियाणातल्या समन्वयकांना जमलं ते आपल्यालाही जमेल.

त्या वाडीवरच्या शिक्षिकेला मी त्या दिवशी एवढंच सांगितलं: उद्या फक्त थांबा. प्रश्न विचारा, तीन हत्ती मोजा, मग नाव घ्या. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. “मॅडम, पहिले चार दिवस कुणीच बोलेना, मलाच कसंतरी होत होतं. पाचव्या दिवशी मागच्या ओळीतली एक मुलगी बोलली. वर्षभरात पहिल्यांदा. उत्तर चुकलं होतं, पण ती का चुकली ते मला कळलं.”

पुढच्या शिक्षण परिषदेला आम्ही तिच्याच शाळेत जमणार आहोत. चौथीचा पाठ आहे, समच्छेद अपूर्णांकांची बेरीज. मुलं छेदांचीही बेरीज करतील असा आमचा अंदाज आहे, आणि त्यासाठी कागदी पट्ट्या कापून ठेवल्या आहेत. बघायला पाच जण बसणार आहोत. कोण कुठल्या मुलाजवळ बसणार तेही ठरलं आहे. ती मागच्या ओळीतली मुलगी मी मागून घेतली आहे.